जाळलेला डाग तपासता येत नाही

पत्राचा सारांश: देवगड तालुक्यातल्या वाचक, वय ४७. त्या लिहितात, "लेकीच्या लग्नाला अडीच महिने राहिलेत. दात साफ करून घ्यायला गेले तेव्हा डॉक्टरांनी तोंडात तीन ठिकाणी काळं दाखवलं. खालच्या ओठावर मसुराएवढा तपकिरी ठिपका, तो दहा-बारा वर्षं तसाच आहे. पुढच्या हिरड्या तर पहिल्यापासूनच काळपट. आणि टाळूवर उजव्या बाजूला, चांदी भरलेल्या दाढेच्या आतल्या अंगाला, निळसर-करडा डाग. हा मला ठाऊकच नव्हता. डॉक्टर म्हणाले, लेझरने तिन्ही एकाच बैठकीत साफ होतील, रक्त नाही, टाके नाहीत. कणकवलीच्या डॉक्टरांनी मात्र टाळूवरचा डाग कापून तपासायला पाठवायला सांगितलं. घरचे म्हणतात, कापलं की पसरतं, लेझरच कर. मी पंचवीस वर्षं मशेरी लावते. संधिवाताच्या गोळ्या तीन वर्षं चालू आहेत. कुणाचं ऐकू?"

ताई,

तुम्हाला दोन डॉक्टर एकमेकांच्या विरुद्ध बोलताना दिसतात. खरं म्हणजे ते वेगवेगळ्या प्रश्नांना उत्तरं देताहेत. पहिले सांगताहेत डाग घालवायचा कसा. दुसरे विचारताहेत, हा डाग आहे कशाचा? दुसरा प्रश्न सुटेपर्यंत पहिल्याला हात घालायचा नसतो, म्हणून टाळूपुरता माझा कौल कणकवलीच्या डॉक्टरांना. ओठाची आणि हिरड्यांची गोष्ट निराळी आहे. तिन्हींचा रंग काळा म्हणजे तिन्हींवर औषध एकच, ही समजूत आधी बाजूला ठेवू.

टाळूचं पहिलं. तिथल्या निळसर-करड्या डागाची तुमच्या बाबतीत तीन-चार कारणं संभवतात. सगळ्यात साधं कारण म्हणजे ती चांदी. दाढेत भरतात ती नुसती चांदी नसते. चांदी, कथील आणि तांब्याची भुकटी पाऱ्यात कालवून तो गोळा भरतात. त्याला अमाल्गम म्हणतात आणि त्यात जवळजवळ निम्मा पारा असतो. भरताना किंवा जुनी भरणी ड्रिलने काढताना त्याचे बारीक कण शेजारच्या हिरडीत, टाळूत रुततात आणि गोंदल्यासारखा डाग राहून जातो. दंतवैद्य त्याला अमाल्गम टॅटूच म्हणतात. तो निरुपद्रवी असतो आणि जन्मभर तसाच ठेवला तरी चालतो.

दुसरं कारण गोळ्यांचं. तुम्ही नाव कळवलेलं नाही, पण संधिवातात हायड्रॉक्सिक्लोरोक्विन पुष्कळदा देतात, आणि तिच्यामुळे टाळूवर निळसर-करडी छटा येऊ शकते. ती बहुधा दोन्ही बाजूंना पसरट असते, एका दाढेपाशी ठिपका धरून बसत नाही. तरी डॉक्टरांकडे जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका. गोळी मात्र मनाने बंद करू नका. तिसरं कारण तीळ. तोंडातही तीळ होतात, आणि निळ्या रंगाचा तीळ व्हायची नेहमीची जागा टाळूच आहे.

चौथं नाव घरात कुणी घेतलं नसेल, पण सगळ्यांच्या मनात तेच असणार. मेलॅनोमा, म्हणजे रंगपेशींचा कर्करोग. तोंडात तो अतिशय दुर्मीळ असतो. पण झाला तर टाळू आणि वरची हिरडी याच त्याच्या मुख्य जागा, आणि सुरुवातीला तो सहसा दुखत नाही. तुम्ही लिहिता, डाग ठाऊकच नव्हता. त्यावरून तो नवा आहे असं ठरत नाही आणि जुना आहे असंही नाही. स्वतःची टाळू आरशात कोण बघतं? दाढ भरल्यापासून तो तिथे असेल किंवा गेल्या गणपतीनंतर आला असेल. त्यामुळे "दुखत नाही" आणि "कधीपासून आहे माहीत नाही" या दोन्हींवर धीर धरून बसता येत नाही.

म्हणून पहिली पायरी स्वस्तातली: त्या दाढेचा छोटा एक्स-रे. डागाच्या जागी धातूचे पांढरे ठिपके उठून दिसले, डाग सपाट असला आणि त्याचा रंग एकसारखा असला, तर तो अमाल्गम टॅटू धरता येतो. मग ना लेझर, ना चाकू. त्याचा फोटो आणि मिलिमीटरमधलं माप केसपेपरवर लिहून घ्या आणि सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा. ठिपके दिसले नाहीत तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण अमाल्गमचे कण कधी इतके बारीक असतात की एक्स-रेत उमटत नाहीत. मग तुकडा तपासणं हाच मार्ग.

आता लेझर इथे का नको, ते सांगायला हवं, कारण लेझरला नाव ठेवायचा हेतू नाही. लेझरने डाग "साफ" करतात म्हणजे काय करतात? दातांच्या दवाखान्यात बहुधा डायोड लेझर असतो. त्याची लहर ८१० ते ९८० नॅनोमीटरची असते आणि ती नेमकी काळ्या रंगात, म्हणजे मेलॅनिनमध्ये शोषली जाते. केसापेक्षा काही पट जाड काचेच्या तंतूचं टोक तापवून, साधारण १ ते २ वॅटवर, ब्रश फिरवावा तसं डागावरून फिरवतात. वरचा थर जळतो, तो ओल्या गॉजने पुसतात, पुन्हा फिरवतात. शेवटी रंग जातो आणि त्याबरोबर डाग कशाचा होता हेही जातं. बाटलीत घालून पाठवायला काही उरत नाही. रंगपेशी खोलवर असल्या तर वरून सगळं गुलाबी दिसतं आणि खाली जे असेल ते तसंच राहतं. मेलॅनोमा असला तर यात हाती असलेले महिने जातात. शिवाय डाग अमाल्गमचा निघाला तर डायोडने तो धड जातही नाही, कारण धातूचे कण खालच्या थरात असतात.

एक बारकावा मात्र लक्षात ठेवा. लेझरने जाळता येतं तसं कापताही येतं. एखाद्या सर्जनने "मी लेझरने सबंध डाग कापून काढतो आणि तुकडा पॅथॉलॉजीला, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीला, पाठवतो" असं सांगितलं तर ते रास्त आहे. फक्त उष्णतेने तुकड्याची कड करपते आणि तेवढ्या पट्टीत पेशी वाचता येत नाहीत, म्हणून कडेला थोडं जास्त अंतर सोडावं लागतं. तेव्हा विचारायचं ते हत्यार कोणतं हे नव्हे. विचारायचं, "डॉक्टर, तुकडा तपासायला जाणार का?"

"कापलं की पसरतं" याबद्दल. तपासणीसाठी तुकडा घेतल्याने कर्करोग पसरतो, याला आधार नाही. ही समजूत येते कुठून ते मात्र कळतं. आपल्याकडे माणूस दवाखान्यात पोचतो तोवर आजार पुढे गेलेला असतो, मग बायोप्सी होते, मग तब्येत ढासळते, आणि मागे वळून बघताना दोष चाकूच्या माथी येतो. शिवाय लेझर म्हणजे कापणं नव्हे, हेही खरं नाही. जखम दोन्हींत होते, भूल दोन्हींत लागते.

टाळूवर हे काम कसं होतं ते ऐका, म्हणजे निम्मी भीती जाईल. सगळ्यात जास्त टोचते ती भुलेची सुई, कारण टाळूची त्वचा हाडाला घट्ट चिकटलेली असते आणि औषधाला पसरायला जागा नसते. आधी सुन्न करणारी जेल लावून, कापसाच्या काडीने जागा दाबून धरून, सुई सावकाश दिली तर बरंच सुसह्य होतं. हे मागून घ्या. औषध बहुधा २ टक्के लिग्नोकेन, त्यात रक्त कमी वाहावं म्हणून अ‍ॅड्रिनॅलिन असतं. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी सांगा. डाग ५-६ मिलिमीटरचा असला तर १५ नंबरच्या ब्लेडने दोन-तीन मिलिमीटर कड राखून सबंध काढतात. फार मोठा असेल तर सगळ्यात गडद किंवा उंचवटा आलेल्या भागातून तुकडा घेतात. टाळूच्या जखमेला टाके घालून तोंड मिटवता येत नाही, ती तळातून भरून येते आणि त्याला तीन ते चार आठवडे लागतात. म्हणून चांगला सर्जन आधीच मापाचा ठसा घेऊन प्लॅस्टिकची पातळ पट्टी बनवून ठेवतो. ती टाळूवर बसवली की जिभेचा आणि जेवणाचा मार जखमेला लागत नाही. तुम्ही संधिवातासाठी स्टेरॉइड, मेथोट्रेक्सेट किंवा अ‍ॅस्पिरिन घेत असाल तर जखम भरण्यावर आणि रक्तस्रावावर परिणाम होतो, म्हणूनही ती पाकिटं दाखवायची.

तुकडा काढल्यावरचं काम तितकंच महत्त्वाचं आहे आणि लहान गावात चुका तिथेच होतात. तुकडा १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये, रुंद तोंडाच्या बाटलीत, त्याच्या निदान दहापट द्रावणात बुडालेला हवा. सलाइनमध्ये किंवा पाण्यात ठेवला तर पेशी कुजतात, स्पिरिटमध्ये आक्रसतात, आणि मग अहवाल येतो, "नमुना तपासण्याजोगा नाही". फॉर्मॅलिनमध्ये नीट ठेवलेला तुकडा कोल्हापूर-मुंबईला जायला दोन दिवस लागले तरी खराब होत नाही. बाटलीवर तुमचं नाव, बाजू आणि जागा असावी. सोबतच्या कागदावर चांदीची दाढ, मशेरी आणि गोळ्यांची नावं लिहिलेली असावीत. पॅथॉलॉजिस्टला हे कळलं तर तो धातूचे कण आणि औषधाचा रंग मुद्दाम शोधतो. तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवून ठेवतात, त्याला ब्लॉक म्हणतात. अहवालावरचा ब्लॉक नंबर जपून ठेवा. पुढे दुसरं मत घ्यायचं झालं तर पुन्हा कापावं लागत नाही, तोच मेणातला ब्लॉक आणि काचपट्ट्या दुसरीकडे नेता येतात.

ओठावरच्या ठिपक्याची मला एवढी काळजी वाटत नाही. दहा-बारा वर्षं तेवढाच, सपाट, एकाच तपकिरी रंगाचा, खालच्या ओठावर. हे वर्णन मेलॅनोटिक मॅक्यूलचं आहे, म्हणजे एका जागी साचलेला रंग. तो तसाच ठेवला तर काही बिघडत नाही. दिसायला खटकत असेल तर इथे लेझरला खरोखर वाव आहे, पण तो दातांच्या दवाखान्यातला डायोड नव्हे. त्वचारोगतज्ज्ञाकडचा क्यू-स्विच्ड लेझर रंगाचे कण फोडतो आणि ओठाला फारसा भाजत नाही. त्याआधी तज्ज्ञाने डर्मोस्कोपखाली, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या दिव्याच्या भिंगाखाली, ठिपका बघावा, आणि शंका आली तर इथेही आधी तुकडा. ओठावर ताप आल्यावर फोड येत असतील, ज्याला आपण जर उठणं म्हणतो, तर ते सांगा. लेझरने ते पुन्हा उठू शकतात आणि त्यासाठी आधी गोळ्या देतात. चाकूने काढायचा तर टाके येतात, आणि ओठाच्या कडेवर रेघ जुळवताना एक मिलिमीटर चुकला तरी समोरच्याला दिसतो. लग्नाच्या तोंडावर यातलं काहीच करू नका.

इतर वाचकांसाठी इथेच एक सांगतो. ओठावरचा डाग निळा-जांभळा, मऊ असेल आणि काचेने दाबल्यावर नाहीसा होऊन सोडल्यावर पुन्हा भरत असेल, तर ती फुगलेली रक्तवाहिनी असते. ती कापली तर रक्त बरंच जातं. तिथे लेझरच चांगला. उलट ओठांवर, बोटांवर लहानपणापासून पुष्कळ ठिपके आणि जोडीला पोटदुखीचे झटके असतील, तर आधी पोटाच्या डॉक्टरांकडे जा, कारण त्यात आतड्यात कोंब असू शकतात. आणि तोंडाबरोबर तळहाताच्या रेषाही काळ्या पडत असतील, वजन उतरत असेल, उठताना अंधारी येत असेल, तर अ‍ॅडिसनच्या आजारासाठी (त्यात मूत्रपिंडावरच्या ग्रंथी कमी पडतात) सकाळी आठच्या सुमारास रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे त्या ग्रंथींचं संप्रेरक, तपासायला लागतं. यातलं तुमच्या पत्रात काही नाही.

राहिल्या हिरड्या. समोरच्या दातांच्या वर दोन्ही बाजूंना सारखी, गडद तपकिरी पट्टी ही आपल्याकडे असंख्य लोकांना जन्मजात असते. तो आजार नाही. हिरड्या गुलाबीच असाव्यात, हे आपल्याला टूथपेस्टच्या जाहिरातींनी शिकवलंय. तरी करायचंच असेल तर इथे मात्र "लेझर की चाकू" हा प्रश्न विचारण्यात अर्थ आहे. रंग हिरडीच्या अगदी वरच्या थराच्या तळाशी असतो, मिलिमीटरपेक्षाही कमी खोलीवर. चाकूने तो थर तासून काढतात. रक्त येतं, उघड्या जागेवर गुलाबी पिठासारखा पॅक बसवून आठ-दहा दिवस ठेवतात, पण खर्च कमी आणि जखम स्वच्छ भरते. लेझरमध्ये रक्त जवळजवळ नाही, पॅक नाही, पहिले दोन-तीन दिवस दुखणंही सहसा कमी. नंतर त्यावर पिवळट-पांढरा पापुद्रा येतो. तो पू नव्हे, नखाने काढू नका. भरायला चाकूपेक्षा थोडं सावकाश. धोका दोन्हींत एकच: सुळ्याच्या वर हिरडी आणि हाड दोन्ही पातळ असतात. तिथे जास्त खोल तासलं किंवा तापलेलं टोक एका जागी रेंगाळलं, तर हिरडी वर सरकते, मूळ उघडं पडतं आणि थंड पाणी झिणझिण्या आणतं. हात सराईत असेल तर फरक उन्नीस-बीस. आणि रंग दोन्हींत परत येऊ शकतो, बहुधा दोन दातांमधल्या टोकांपासून, कारण हत्यार तिथवर नीट पोचत नाही आणि शेजारच्या पेशी तिकडून सरकतात.

तंबाखूने हिरडीतल्या रंगपेशी चेकाळतात, आणि मशेरी म्हणजे तव्यावर भाजलेली तंबाखूच. ती चालू ठेवून हिरड्यांवर पैसे घालणं म्हणजे गळक्या हंड्यात पाणी भरणं. पण रंग राहू दे. पंचवीस वर्षांच्या मशेरीने तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, आणि तो काळ्या डागांपेक्षा पांढऱ्या किंवा लाल चट्ट्यांतून जास्त करून येतो. डॉक्टरांना गालाचा आतला भाग, ओठामागची खाच आणि जिभेच्या कडा बघायला सांगा. घरी स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघा. जात नसतील तर तेही सांगा. सोडताना सकाळचं पोट साफ होत नाही, ही बायकांची खरी अडचण असते. निकोटिनचीच ती सवय आहे, दोन-तीन आठवड्यांत सुटते. तोवर उठल्यावर दोन भांडी कोमट पाणी, रात्री भिजवलेल्या मनुका, आणि पेस्ट-ब्रश. सरकारी मदतवाहिनी आहे, १८००-११-२३५६, फोन फुकट असतो.

तर क्रम असा लावा. या आठवड्यात एक्स-रे. लागली तर पुढच्या आठवड्यात टाळूची बायोप्सी. अहवालाला साधारण आठवडा, जखम भरायला महिना. लग्नाआधी बराच वेळ हाताशी राहतो. हिरड्या आणि ओठ लग्नानंतर, मशेरी सुटून तीन-चार महिने झाल्यावर. तोवर हिरड्यांचा रंग आपणच थोडा उतरलाही असेल. सिंधुदुर्गातून बांबोळीचं गोवा डेंटल कॉलेज आवाक्यात आहे, चिपळूणकडच्या वाचकांना खेडचं डेंटल कॉलेज, मुंबईत कुणी असेल तर नायर. तिथे तोंडाचे आजार बघणारा ओरल मेडिसिन आणि तुकडा तपासणारा ओरल पॅथॉलॉजी हे विभाग एकाच छताखाली असतात, बाटली कुरिअरने पाठवायची वेळ येत नाही. मधल्या काळात डाग वाढला, उंच झाला, रंग दुरंगी झाला, रक्त आलं किंवा ती दाढ हलायला लागली, तर दिवस मोजत बसू नका.

बायोप्सीच्या दिवशी गॉज दाबून धरायचं ते घड्याळ लावून वीस मिनिटं, मध्ये उचलून बघायचं नाही. त्या दिवशी चुळा भरायच्या नाहीत, दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाचं पाणी. क्लोरहेक्सिडिन (जंतुनाशक चूळ) दिलं तर पेस्टनंतर अर्धा तास सोडून, आणि दोन आठवड्यांच्या वर नको, दात पिवळे-तपकिरी होतात. पेज, मऊ भात-तूप, गार केलेली खीर. तिखट, तिरफळं घातलेली कढी आणि काट्याचा मासा दहा दिवस लांब ठेवा. बांगड्याचा एक काटा जखमेत घुसला तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. सोलकढीचं आंबट पहिले चार-पाच दिवस झोंबतं, आणि तिच्या रंगामुळे थुंकीत रक्त आहे की कोकम, हे घरच्यांना कळत नाही.